कढईच्या डोक्यावरचा दिवा

दिव्याचं घर,
९ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. आत कादंबरी आहे हे कळेपर्यंत, तू नोकरीबिकरी सोडलीस की काय, असंच मला वाटत होतं. सगळी प्रकरणं वाचली. समुद्रकाठचं चिमुकलं गाव, एक प्रेत, एक हुशार बाई आणि उरलेले सगळे संशयित. मजा आली. पण बये, समुद्र तू कधी नीट पाहिला आहेस का? तुझं प्रेत दुपारी वाळूत पडतं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच, कोरड्या कपड्यांनिशी सापडतं. मधल्या भरत्या काय रजेवर गेल्या होत्या? आणि तुझी ती हुशार बाई पेटलेल्या दिव्याशेजारी बसून निवांत कॉफी पिते! दिवा पेटला की वरच्या त्या काचेच्या खोलीत अंडं फोडून ठेवलं तर शिजेल. दीपगृहाचा रखवालदार तू लंगडा, दाढीवाला आणि खुनी दाखवला आहेस. ते वाचून तुझे आतोबा संध्याकाळी गुपचूप दाढी करून आले.

आता खरी गोष्ट. ती लिहायला हात धजत नव्हता म्हणून तुझ्या प्रेताची चौकशी करत बसले.

तुला आमचं रोजचं माहीत आहे. काच माझी, वात त्यांची. मी दुपारी भिंगं पुसून लख्ख करायची. सूर्य पाण्याला टेकला की त्यांनी वर जायचं, दिवा लावायचा, ज्योत स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग खाली यायचं. समुद्रावरून परतणाऱ्या नावांची सगळी भिस्त या दिव्यावर. खाडीच्या तोंडाशी तो पालथ्या कढईसारखा खडक आहे ना, त्याच्या बरोबर डोक्यावर आमचा दिवा बसलेला दिसला की नाव आत वळवायची. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. लवकर वळलं तर उथळ, उशिरा वळलं तर खडक.

परवाच्या गुरुवारी वल्हेकाका खडकावर गेले. हो, आपलेच वल्हेकाका, ज्यांना तू लहानपणी वल्ह्यासारखे उंच आणि बारीक म्हणून हे नाव दिलंस आणि मग गावानेही तेच धरलं. माणसं सगळी वाचली. नावेचं पोट मात्र फाटलं आणि त्यांच्या धाकट्या भावाचा हात मोडला. वल्हेकाकांनी बंदराच्या कचेरीत सांगितलं की कढईवर दिवा नव्हता. वाट बघून बघून डोळे दुखले, पण तिथे काळोख होता. तुझे आतोबा म्हणतात की दिवा लावला होता, नेहमीच्या वेळी लावला होता आणि तो जळत होता.

झालं. इतकी वर्षं रोज दुपारी बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे हे दोघे आता समोरासमोर आले की एक आकाशाकडे बघतो आणि दुसरा चपलेकडे. महिनाअखेरीस कचेरीचे साहेब चौकशीला येणार आहेत. दिवा विझलेला होता असं ठरलं तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर हे घरही. पण घराचं मला तितकंसं वाटत नाही गं. यांचा शब्द जाईल. यांच्याकडे दुसरं आहे तरी काय?

प्रकृतीला जप. रात्री जागून लिहू नकोस. आमच्यावर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी,
आत्या

*

१४ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कचेरीतच फोडलं. तुला ठाऊक आहेच, रेल्वेतल्या हरवलेल्या सामानाची कचेरी म्हणजे छत्र्यांचं जंगल. समोर एक गृहस्थ त्यांची विसरलेली कवळी शोधायला आले होते. मी तुझं पत्र वाचता वाचता त्यांच्यापुढे चुकून दुसऱ्याच कुणाची तरी कवळी ठेवली आणि त्यांनी ती लावूनही बघितली. साहेबांची बोलणी खाल्ली, पण त्याचं काही नाही. आतोबांवर असा प्रसंग यावा! मला अन्न गोड लागेना.

रागावू नकोस, पण मी कादंबरीवाली आहे, डोकं गप्प बसत नाही. मला काही शंका आहेत. पहिली म्हणजे वल्हेकाका खरं बोलतात कशावरून? नाव आपल्या चुकीने आपटली आणि खापर दिव्यावर फोडलं, असं नसेल? दुसरी, दिव्याच्या समुद्राकडच्या अंगाला कुणी मुद्दाम काही पांघरलं नसेल? बाहेरच्या कठड्यावर कुणाला चढता येतं का ते बघ. तुझ्या त्या गोडबोल्या वाणीदादावर माझा पहिल्यापासून डोळा आहे. जो माणसं बघून तराजू धरतो तो काय वाटेल ते करील.

आणि तिसरी शंका विचारायला जीभ रेटत नाही, पण चौकशीवाले विचारणारच, म्हणून आधी मीच विचारते. त्या दिवशी आतोबांचा डोळा लागला नव्हता ना? वय झालंय. दिवा लावायचं राहून गेलं आणि रोजच्या सवयीने लावल्यासारखं वाटलं, असं माझं स्वतःचं कुलपाच्या बाबतीत दर आठवड्याला होतं.

तू आता डोळ्यांत तेल घालून सगळं बघ आणि बारीकसारीकही मला कळव. तुला क्षुल्लक वाटेल तेच नेमकं लिही. आतोबांना सा. न. सांग आणि पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

मायेत काही कमी करू नये ही विनंती.

तुझी,
भिंगरी

*

दिव्याचं घर,
१९ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तू कुणाकडून शिकलीस? तुझ्या आईकडून तर नक्कीच नाही. वल्हेकाका खोटं बोलणार नाहीत. पटावर हरत आले तरी यांचं लक्ष नाही म्हणून कधी प्यादं सरकवलं नाही त्या माणसाने. तुझा आजा गेला तेव्हा वादळात नाव घालून मला माहेरी पोचवलं होतं ते त्यांनीच. वाणीदादांचं म्हणशील तर त्यांना गुडघ्यांमुळे दुकानाची पायरी चढवत नाही, ते दिव्याच्या कठड्यावर काय चढणार! त्यांनी एवढंच केलं, की भर दुकानात, दिव्याखाली अंधार असायचाच, असं म्हणाले आणि चारचौघं हसली. मी साबण घेतला आणि मान वर करून बाहेर आले. वाटेत रडले, ते फक्त तुला सांगते.

तिसऱ्या शंकेवर मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. मग कळलं की चिडले होते, कारण ती माझ्याही मनात होती. आताशा हे चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. परवा चहात मीठ घातलं आणि प्यायलेही. मी यांच्यावर पाळत ठेवायला लागले आहे, भिंगरे. हे वर गेले की मी जिन्याखाली उभी राहते. ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसामागे मांजरासारखी दबकत फिरते. मला माझीच लाज वाटते. पण नोकरी गेली तर जाऊ दे, यांचं डोकं शाबूत आहे ना, एवढंच मला कुणीतरी सांगा. ते जायला लागलं असेल तर मी काय करू?

यांना मी काही बोलले नाही. यांनीच काल जेवताना ताट बाजूला सारलं आणि म्हणाले की वल्ह्या कधी खोटं बोलत नाही. बस, एवढंच. हल्ली दिवा लावून खाली येतात, पुन्हा वर जातात, पुन्हा खाली येतात. गुडघे धरून जिन्यात बसलेले असतात.

त्या गुरुवारचं बारीकसारीक विचारलंस. काय सांगू? मी दिवा पाहिला नाही. मी खालच्या अंगाला कोंबड्या कोंडत होते आणि तिथून वरचं दिसत नाही. आपल्या घरचा दिवा आहे की नाही हे कोण मान वर करून बघत बसतं? उकाडा मरणाचा होता. पान हलत नव्हतं. पाणी मात्र इतकं गार की सकाळी शिंपले वेचताना पाय बधिर झाले. या दिवसांत असं कधी होत नाही. आणि एक गंमत झाली. खाडीपलीकडच्या टोकावरची बाई तिच्या शेळीला शिव्या देत होती, ती माझ्या अंगणात उभी राहून देतेय असं ऐकू आलं. शब्द न् शब्द. एरवी तिथून ढोल वाजवला तरी पत्ता लागत नाही. मी हसले आणि कोंबड्यांनाही म्हटलं, शिका काहीतरी. यात तुझ्या कामाचं काही असेलसं वाटत नाही.

पत्राची वाट बघते. रागावले तरी माझी तू एकच भाची आहेस. माया आहे, ती राहणारच.

तुझी,
आत्या

*

२३ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

कान धरले. वल्हेकाकांची आणि वाणीदादांची इथूनच क्षमा मागते. वाणीदादांची जरा कमी मागते.

काल कचेरीत एक प्रकार झाला. एक आजोबा आणि एक आजी एकाच ट्रंकेवरून हातघाईवर आले. आजोबा म्हणाले, झाकणाला पोचा आहे, माझीच. आजी म्हणाल्या, कडीला निळी दोरी आहे, माझीच. मी सवयीप्रमाणे दोघांतला खोटारडा शोधायला लागले. आजींचा चेहरा खरा वाटला तर आजोबा रडायला आले, आजोबा खरे वाटले तर आजी. शेवटी आमचा हमाल मागच्या फडताळातून दुसरी ट्रंक घेऊन आला. तिला निळी दोरी होती. समोरच्या ट्रंकेची कडी आजींनी बघितलीच नव्हती, आजोबांनी झाकणाखेरीज काही बघितलं नव्हतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

घरी जाताना मला एकदम वाटलं की मी तुझ्याकडेही खोटारडाच शोधत होते. माझ्या कादंबरीत एक खोटं बोलतो, म्हणून तुझ्या गावातही बोललाच पाहिजे? समज, आतोबांनी दिवा लावला होता. समज, वल्हेकाकांना तो दिसला नाही. दोन्ही खरं. मग प्रश्न वेगळाच होतो: वल्हेकाका जिथे होते तिथून काय दिसतं?

आत्या, तुम्ही दोघांनी तुमचा दिवा समुद्रावरून कधी पाहिला आहे का? संध्याकाळी, नावेतून, कढईच्या पलीकडून? मी आठवून आठवून पाहिलं, तुझ्या तोंडून मी असं कधी ऐकलेलं नाही. वल्हेकाका कधी वर दिव्यापाशी आले आहेत का? तू एकदा जा. वल्हेकाकांबरोबरच जा. तसाच उकाडा, तसंच गार पाणी आहे तोवर जा. माझं चुकत असेल तर फार तर तुला समुद्राची हवा लागेल, जी तुला नाहीतरी आयुष्यभर लागतेच आहे.

आतोबांचं डोकं ठिकाणावर आहे. चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे माझ्या कचेरीत रोज येतात, त्यात विशीतलेही असतात. माझा आत्याआतोबांवरचा लोभ दुप्पट धरावा.

तुझी,
भिंगरी

*

दिव्याचं घर,
२७ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ चुलीपुढे बसून राहिले. खरंच, आम्ही आमचा दिवा समुद्रावरून कधीच पाहिलेला नाही. सासूबाईंचा दंडकच होता, दिव्याच्या माणसाने सांजेला पाण्यावर पाय ठेवायचा नाही. वारा पडला, नाव अडकली, तर दिवा कोण लावणार? त्यांनी पाहिला नाही, त्यांच्या सासूने पाहिला नाही. आणि नावेवरचे लोक वर कधी येत नाहीत. त्यांना तो खालून दिसतो, एवढं पुरे. इतक्या पिढ्या आम्ही दिवा लावतोय आणि ते बघतायत, पण एकमेकांची बाजू कुणीच पाहिली नाही.

यांना सांगितलं की मी जाते. हे उठले. आत गेले आणि त्यांचा जाड कोट आणून माझ्या खांद्यावर घातला. एवढ्या उकाड्यात कोट! पण मी तो काढला नाही.

वल्हेकाका धक्क्यावर भावाच्या लहान होडीचा दोर वळत बसले होते. मी विचारलंच नाही, सरळ होडीत जाऊन बसले आणि म्हटलं की मला तुमच्या जागेवरून दिवा दाखवा, तोवर उतरणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोंगरावर पाहिलं आणि होडी सोडली. कढई मागे टाकून बरंच बाहेर गेलो. तेवढ्या वाटेत एकदाच बोलले. म्हणाले की वहिनी, मी साहेबांना सांगणार आहे की माझेच डोळे गेले. तो दिवा लावल्यावाचून राहणारा माणूस नाही. तो लावला म्हणतो म्हणजे लावला. आंधळा मीच झालो असणार.

मला हुंदका आवरेना. कारण आदल्याच दिवशी हे मला म्हणाले होते की साहेब आले की मी विसरलो म्हणून कबूल करून टाकतो. तो दिसला नाही म्हणतो म्हणजे दिवा नव्हताच. माझंच डोकं चळलं असणार. भिंगरे, समोरासमोर मान वर न करणारे हे दोघे म्हातारे आतून एकमेकांवरच विश्वास ठेवून बसले होते आणि स्वतःवरचा घालवून बसले होते.

मी वल्हेकाकांना ते सांगितलं. त्यांनी वल्ही पाण्याबाहेर काढून ठेवली.

वारा अजिबात नव्हता. समुद्र परातीत ओतलेल्या तेलासारखा पडला होता. मी हात बुडवला तर बोटं गोठली आणि तोंडावर मात्र भट्टीची हवा. सूर्य गेला. मी किनाऱ्याकडे तोंड करून बसले होते. आधी मला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून असं दिसतंय. कोटाच्या बाहीने पुसले. तरी तसंच.

किनारा पाण्यावरून सुटला होता. डोंगराच्या खाली उजेडाची एक पट्टी आली आणि सगळं गाव त्या पट्टीवर अधांतरी उभं राहिलं. मग घरं उंच व्हायला लागली. आमची बुटकी घरं, भिंगरे, ती कुणीतरी वरून धरून ओढल्यासारखी लांबत गेली, खिडक्या दारांएवढ्या झाल्या. आमच्या दिव्याचा मनोरा वाढत वाढत गेला, मध्ये बारीक झाला, आणि त्याच्या डोक्यावर दुसरा मनोरा होता. उलटा. डोक्याला डोकं लावून. त्याच्याही वर आमचं घर होतं, उलटं, छपरावर उभं. माझ्या चुलीचा धूर खाली वाहत होता. आकाशात एक अख्खं गाव पालथं टांगलं होतं आणि त्यात माझं धुणं वाळत होतं.

मी होडीची कड धरली. भीती वाटली, पण पळून जावंसं वाटलं नाही. पापणी लवली तर ते जाईल असं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्या दारात उभी राहून समुद्राला रोजचा म्हणत आले. मला त्याची काहीच माहिती नव्हती. काडीचीही नाही.

आणि त्या शांततेत माझ्या कानाशी खोकल्याचा आवाज आला. यांचा. मी ओळखणार नाही का? आमचं अंगण तिकडे डोळ्यांना पुरणार नाही इतकं लांब, आणि हे जिना चढताना खोकले ते मला होडीत ऐकू आलं. म्हणजे आता दिवा लावायला वर जातायत.

मी कढईच्या डोक्याकडे बघत राहिले. तिथे काळोख होता. अंधारत चाललं तरी काळोखच. वल्हेकाकांनी बोट दाखवलं आणि म्हणाले की बघा, असाच होता. मग मी नजर वर नेली. कढईच्या खूप वर, जिथे पहिल्या चांदण्या यायला लागल्या होत्या तिथे, एक तांबूस ठिपका थरथरत होता. तो लांबला, दुभंगला, पुन्हा एक झाला. चांदणी अशी वागत नाही. मी म्हटलं, वल्हेकाका, तो बघा आमचा दिवा.

त्यांनी वर पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले की त्या दिवशीही ती चांदणी होती तिथे. मी पाहिली होती. पण दिवा शोधताना आभाळात कोण बघतो?

आम्ही किती वेळ तसे होतो माहीत नाही. मग कुठूनतरी वाऱ्याची एक झुळूक आली, पाण्यावर शहारा उठला आणि सगळं गाव आवाज न करता खाली आलं. घरं बुटकी झाली. तो ठिपका घरंगळत उतरला आणि कढईच्या डोक्यावर येऊन बसला, जणू कधी हललाच नव्हता. वल्हेकाकांनी नाव वळवली. ते रडत होते की हसत होते, मला कळलं नाही. मी दोन्ही करत होते.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. उलटं गाव, धुणं, धूर, खोकला. हे ऐकत होते. माझं संपल्यावर एकच विचारलं की मग दिवा होता? मी म्हटलं, होता. पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. मग भिंतीला टेकले आणि बसल्या जागी लहान मुलासारखे झोपले.

साहेब परवा यायचे आहेत. ते हे मानतील की नाही, देव जाणे. पण माझ्यापुरता निकाल लागला. तुला दृष्ट न लागो. आमची आठवण मनात ताजी असू दे.

तुझी,
आत्या

*

१ मे

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसून वाचलं. खिडकीबाहेर लोकांची रांग लागली होती. एक बाई छत्री मागत होत्या. मी त्यांना म्हटलं की जरा थांबा, माझ्या आत्याचं गाव आत्ता आकाशात उलटं टांगलेलं आहे. त्या खरोखर थांबल्या. मग मी त्यांना ते पान वाचून दाखवलं, मागच्यांनीही ऐकलं आणि शेवटी कुणालाच घाई उरली नाही.

मी शंभर खोट्या गोष्टी रचल्या असत्या तरी ही सुचली नसती. आता एकच कळव, आणि लगेच कळव. साहेब काय म्हणाले? मला झोप नाही. उत्तर येईपर्यंत लोभ सगळा तुमच्याच नावे.

तुझी,
भिंगरी

*

दिव्याचं घर,
६ मे

चि. भिंगरीस आतोबाचे अ. उ. आ.

मी पत्रं लिहीत नाही हे तू जाणतेस. तुझ्या आत्याच्या पत्राखाली सर्व ठीक एवढं लिहून माझं भागतं. या वेळी ती म्हणाली की हे तुमचं तुम्ही लिहा. म्हणून बसलो आहे.

साहेब आले. वल्ह्या आपणहून वर आला. जन्मात पहिल्यांदा जिना चढला, प्रत्येक वळणावर शिव्या देत. साहेबांनी आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, दिवा होता, मी भलत्या जागी बघत होतो. मग मला विचारलं. मी म्हणालो, तो आधी म्हणाला होता ते बरोबर, कढईवर दिवा नव्हता. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं की मग तक्रार नेमकी कुणाची आहे? तुझी आत्या चहा घेऊन आली होती. तिने सगळं सांगितलं. माझ्या खोकल्यासकट.

साहेबांनी लगेच मान डोलावली नाही. ते मुक्काम करून राहिले आणि वल्ह्याबरोबर पाण्यावर गेले. पहिल्या संध्याकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी परत आले ते धक्क्यावरच बसले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले की पुस्तकात वाचलं होतं, पण असं असेल असं वाटलं नव्हतं. पेल्यातल्या पाण्यात चमचा मोडलेला दिसतो ना, तसंच हे, असं त्यांनी समजावलं. खाली पाणी फार गार आणि वर हवा तापलेली असली की उजेड सरळ न जाता वाकतो, आणि आवाजही. म्हणून दूरची बाई अंगणात आली आणि दिवा आभाळात गेला. दोषी कुणीच नाही, असं लिहून त्यांनी सही केली. आता धक्क्यावर फळा लावला आहे. पाणी गार असेल, वारा पडलेला असेल आणि लांबचे आवाज जवळ येत असतील, तर दिवा आपल्या जागी येईपर्यंत नांगर टाकून थांबा. वाणीदादा तो फळा गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवतात.

नोकरी राहिली, घर राहिलं. दुपारी पट मांडला. वल्ह्या हरला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. परवा तुझी आत्या म्हणाली की आज दिवा मी लावते, तुम्ही जा. मी नाही म्हणालो. तिने काड्यापेटी माझ्या हातातून काढून घेतली. वल्ह्या खाली उभाच होता, दोघांचं आधीच ठरलेलं असणार.

मी होडीत बसलो. तुला वाटेल मी उलटं गाव पाहिलं. नाही. वारा होता, पाणी साधं होतं, हवा साधी होती. सूर्य गेला. गाव काळं झालं, मग डोंगर काळा झाला, मग काही उरलंच नाही. इतका अंधार मी कधी पाहिला नव्हता. मी नेहमी दिव्याच्या बाजूला असतो ना. मला भीती वाटली, लिहायला संकोच नाही. वल्ह्याला विचारलं की रोज असंच असतं? तो म्हणाला, रोज.

आणि मग कढईवर दिवा आला. आधी बारीक, मग स्थिर. एवढासाच, मुठीत मावेल एवढा. मी आयुष्यभर वात कापली, तेल ओतलं, जिने चढलो, गुडघे दुखले म्हणून कुरकुरलो. मला वाटायचं, आपण सरकारचं काम करतो. तो दिवा असा दिसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? त्यांना वाटत असेल, लावणाऱ्याला माहीतच असणार.

वल्ह्याने नाव वळवायला घेतली. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, जरा थांब. तो थांबला. तिकडे तुझी आत्या वर उभी असणार, ज्योत स्थिर होईपर्यंत. ती मला दिसत नव्हती, पण होती. आपल्या घरी कुणीतरी जागं आहे आणि आपली वाट बघतंय, हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं.

सर्व ठीक. आमच्यावरचा जीव जरा जास्तच राहू दे.

तुझे,
आतोबा